पैलतीरावरचा दिवा क्षणभर विझतो तेव्हा

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभं राहिलं की समोर चोडणच्या काठावरचे दिवे मांडवीच्या पाण्यात लांबलचक उतरलेले दिसतात. काळोख पुरता पडल्यावर कधी त्यातला एखादा दिवा अचानक विझतो आणि तीन-चार सेकंदांनी पुन्हा लागतो. खरं तर दिवा विझलेला नसतो, मधून एक बिनदिव्याची होडी गेलेली असते. होडी तुम्हाला दिसलेली नसते, पण ती होती हे तुम्ही शपथेवर सांगू शकता. होडी साधारण किती वेगाने जाते हे ठाऊक असेल, तर दिवा किती वेळ झाकला गेला यावरून तिची लांबीसुद्धा काढता येते. आणि मोठ्या झाकणीच्या थोडं आधी नि थोडं नंतर दिवा पुसटसा लवला असेल, तर होडीच्या दोन्ही टोकांना काहीतरी बारीक बाहेर आलेलं होतं, एवढंही कळतं.

सूर्यमालेच्या पार टोकाला फिरणाऱ्या बटुग्रहांची, म्हणजे प्लूटोसारख्या छोट्या जगांची, शनीसारखी कडी याच रीतीने सापडली आहेत. आणि त्या बटुग्रहांचं वजन कळलं ते त्यांच्याभोवती घिरट्या घालणाऱ्या इवल्या चंद्रांमुळे. दोन्ही कामांत डोळ्यांपेक्षा घड्याळ महत्त्वाचं ठरतं.

घड्याळ का लागतं, तर डोळ्यांना तिथे फारसं कामच नाही. क्वावार नावाचा एक गोळा नेपच्यूनच्या पलीकडे फिरतो. त्याचा व्यास सुमारे १,१०० किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या चंद्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तो आहे सहा अब्ज किलोमीटरांहून दूर. त्याच्यावरून परतलेल्या सूर्यप्रकाशाला आपल्यापर्यंत यायला जवळजवळ सहा तास लागतात. तो आकाशात केवढा दिसतो? कोल्हापुरात कुणी पाच रुपयांचं नाणं हातात धरलं आणि ते तुम्ही पणजीहून पाहिलं, तर जेवढं दिसेल साधारण तेवढा. हबलसारख्या दुर्बिणीलाही तो जेमतेम ठिपक्याएवढाच भासतो. त्याच्याभोवतीचं अरुंद, काळपट कडं थेट दिसण्याची आशा सोडूनच द्यावी लागते.

तेव्हा पैलतीरावरचा दिवा शोधायचा. तो दिवा म्हणजे एखादा तारा.

आपल्या पंचांगाला हा प्रकार नवा नाही. चंद्र रोहिणीच्या आड जातो त्याला पिधान म्हणतात. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना एक गोष्ट विसरता येत नाही. सूर्य मावळताना हळूहळू बुडतो, रोहिणी मात्र चंद्राच्या कडेशी येते आणि फुंकर मारल्यासारखी एका क्षणात जाते. तारा इतका दूर असतो की आपल्यासाठी तो निव्वळ बिंदू असतो. बिंदू अर्धामुर्धा झाकला जात नाही. त्यामुळे तो नेमका कधी गेला आणि कधी परत आला, हे सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत टिपता येतं.

आता चंद्राच्या जागी क्वावार ठेवा. ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पृथ्वीवर पडते. तारा जवळजवळ अनंत अंतरावर असल्याने ही सावली पसरत नाही की आक्रसत नाही, जेवढा गोळा तेवढीच सावली. ती पृथ्वीवरून बहुतेक वेळा सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने सरकते. सावलीच्या पट्ट्यात ज्याची दुर्बीण असेल त्याला तारा काही सेकंद गेलेला दिसतो. प्रत्येक निरीक्षकाच्या वाट्याला त्या गोळ्याचा एक काप येतो. पट्ट्याच्या मधोमध असलेल्याला लांब, कडेला असलेल्याला आखूड. फणसाचे आडवे काप एकावर एक रचले की आख्ख्या फणसाचा आकार हाती यावा, तसे हे काप नकाशावर रचायचे. म्हणून या कामाला एक मोठी दुर्बीण पुरत नाही, शेकडो किलोमीटरांवर विखुरलेल्या पुष्कळ लहान दुर्बिणी लागतात. मला या शास्त्रातली ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते. इथे नामांकित वेधशाळेइतकीच किंमत गच्चीवर आठ-दहा इंची दुर्बीण लावून बसलेल्या हौशी माणसाच्या नोंदीला असते, कारण त्याच्या जागेवरून मिळणारा काप दुसऱ्या कुणाकडेच नसतो.

या पद्धतीने पहिलं मोठं घबाड हाती लागलं ते १० मार्च १९७७ रोजी, आणि त्यात आपल्या देशाचाही हात होता. त्या दिवशी युरेनस एका ताऱ्याआड जाणार होता. जेम्स एलियट आणि त्यांचे सहकारी दुर्बीण बसवलेल्या विमानातून हिंदी महासागरावर उडत होते. त्यांना मोजायचा होता युरेनसचा व्यास आणि वातावरण. मुख्य पिधानाच्या बऱ्याच आधी त्यांनी यंत्रं सुरू केली, आणि अजून ग्रह जवळ आलेलाही नसताना तारा लवला. मग पुन्हा. असं पाच वेळा. ग्रह निघून गेल्यावर दुसऱ्या बाजूला पुन्हा पाच वेळा, तितक्याच अंतरांवर. त्याच रात्री तामिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी हे दोघे तोच तारा पाहत होते. त्यांच्या नोंदीतही प्रकाश मध्येच घटलेला सापडला. आधी त्यांना वाटलं, युरेनसचा नवा चंद्र असावा. ते होतं कडं.

चंद्र की कडं हे ओळखायची युक्ती याच गोष्टीत आहे. चंद्र आडवा आला तर तारा एकाच बाजूला एकदा लवेल. कडं गोळ्याला सगळीकडून वेढून असतं, म्हणून ते दोनदा भेटतं, जाताना एकदा आणि येताना एकदा, तेही सारख्या अंतरावर. तारा किती मंदावला यावरून कड्यात माल किती दाट भरलाय ते कळतं, आणि किती वेळ मंदावला यावरून कड्याची रुंदी.

त्यानंतर गुरू आणि नेपच्यूनचीही कडी सापडली, आणि कडी ही राक्षसी ग्रहांचीच मिरासदारी, असा समज पक्का झाला. तो मोडला ३ जून २०१३ रोजी. शनी आणि युरेनसच्या दरम्यान फिरणारी कॅरिक्लो नावाची जेमतेम अडीचशे किलोमीटरची वस्तू दक्षिण अमेरिकेतून ताऱ्याआड जाताना पाहिली गेली. मुख्य झाकणीच्या आधी आणि नंतर तारा लवला होता. एक नव्हे, दोन कडी. एकाची रुंदी सुमारे सात किलोमीटर, दुसऱ्याची सुमारे तीन. मिरामारपासून पणजीच्या बाजारापर्यंत चालत जावं एवढी रुंदी, आणि ती दोन अब्ज किलोमीटरांवरून मोजली गेली! कॅरिक्लो बटुग्रह नाही, तेवढी मोठीच नाही. पण एवढीशी वस्तू कडी बाळगू शकते म्हटल्यावर सगळे जण आणखी दूर बघू लागले.

मग आला हौमिया. हा बटुग्रह इतक्या वेगाने गिरकी घेतो की त्याचा दिवस चार तासांचाही भरत नाही, आणि त्या वेगामुळे तो अंड्यासारखा लांबट झाला आहे. २१ जानेवारी २०१७ रोजी त्याची सावली युरोपवरून गेली. स्पेनच्या खोसे लुईस ऑर्टिझ यांच्या पुढाकाराने दहा वेधशाळांतल्या बारा दुर्बिणी त्या एका ताऱ्याकडे लावलेल्या होत्या. त्या रात्रीने हौमियाचा आकार दिला आणि वर एक कडंही दिलं. केंद्रापासून सुमारे २,२९० किलोमीटर दूर, सत्तर किलोमीटर रुंद, आणि ताऱ्याचा निम्मा उजेड अडवण्याइतकं दाट. बटुग्रहाभोवती सापडलेलं ते पहिलं कडं.

हौमियाला दोन चंद्र आहेत, हियाका आणि नामाका. इथून चंद्रांकडे वळायला हवं, कारण पिधानाने आकार मिळतो, वजन मिळत नाही. वजनाशिवाय गोळा कशाचा बनलाय, दगडाचा की बर्फाचा, ते सांगता येत नाही.

प्लूटोची कथा यासाठी फार बोलकी आहे. १९३० साली तो सापडला तेव्हा तो पृथ्वीएवढा किंवा त्याहून जड असेल असं अनेकांना वाटत होतं. पुढची ४८ वर्षं ते वजन अंदाजानेच कमी होत राहिलं. १९७८च्या जूनमध्ये अमेरिकेच्या नौदल वेधशाळेत जेम्स क्रिस्टी प्लूटोच्या छायाचित्रांच्या काचा तपासत होते. काही काचांवर प्लूटोच्या ठिपक्याला एका बाजूने फुगवटा होता, काहींवर दुसऱ्या बाजूने. बाजूचे तारे मात्र नीट गोल होते, म्हणजे दोष दुर्बिणीचा नव्हता. फुगवटा दर ६.४ दिवसांनी त्याच जागी परतत होता. तो होता शॅरन, प्लूटोचा सर्वांत मोठा चंद्र. तो सापडला आणि प्लूटोचं खरं वजन बाहेर पडलं. आज ते पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या भागाइतकं धरलं जातं. अर्ध्या शतकाचा वाद एका फुगवट्याने मिटला.

चंद्रावरून वजन कसं निघतं, हा हिशोब घरी बसून करता येण्याजोगा आहे. एरिस हा बटुग्रह घेऊ. त्याचा चंद्र डिस्नोमिया २००५ साली सापडला. तो एरिसपासून सुमारे ३७,००० किलोमीटरवर आहे, म्हणजे आपला चंद्र आपल्यापासून जितका दूर आहे त्याच्या दहाव्या भागाहून थोडा जवळ. इतक्याच अंतरावर पृथ्वीभोवती एखादा चंद्र असता तर त्याने एक फेरी वीस तासांत संपवली असती. पृथ्वीची ओढच तशी आहे, त्याला पळावंच लागलं असतं. डिस्नोमियाला मात्र एका फेरीला जवळजवळ सोळा दिवस लागतात. म्हणजे तो सुमारे १९ पट सावकाश चालतो. केपलर आणि न्यूटन यांच्या नियमाप्रमाणे अंतर तेच असेल तर मधल्या गोळ्याचं वजन फेरीच्या वेळेच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतं, फेरी जितकी सावकाश तितका गोळा हलका. १९ गुणिले १९ केलं की ३६१. पृथ्वी एरिसच्या सुमारे ३६० पट जड आहे. झालं! एक मंद ठिपका, एका अंधूक ठिपक्याभोवती किती दिवसांत फिरतो एवढं पाहिलं, आणि अब्जावधी किलोमीटरांवरचं एक जग तोललं गेलं.

यातून जे निघालं ते अनपेक्षित होतं. एरिस प्लूटोपेक्षा सुमारे २७ टक्के जड निघाला. पुढे नोव्हेंबर २०१०मध्ये चिलीतून त्याचं पिधान टिपलं गेलं, तेव्हा त्याचा व्यास प्लूटोपेक्षा किंचित कमी, २,३२६ किलोमीटर भरला. आकाराने लहान आणि वजनाने जास्त, म्हणजे एरिसच्या पोटात खडक जास्त आणि बर्फ कमी. चंद्राने वजन दिलं, सावलीने आकार दिला, दोन्ही जोडल्यावर पोटात काय आहे ते समजलं. यापैकी एकच असतं तर उत्तर अर्धवटच राहिलं असतं.

चंद्र फारच मोठा असला तर हिशोबाला आणखी एक पदर सुटतो. चवथीच्या दिवसांत फुगडी घातलेली असेल तर तो लगेच कळेल. दोघी सारख्या वजनाच्या असल्या की फिरण्याचा मध्य बरोबर दोघींच्या मधे असतो. मोठ्या बाईने लहान पोरीला फिरवलं तर मध्य जवळजवळ बाईच्या पायांशी येतो, पण अगदी पायांशी नाही. तीही थोडी डुलतेच. शॅरनचं वजन प्लूटोच्या सुमारे एक अष्टमांश आहे. त्यामुळे त्यांच्या फुगडीचा मध्य प्लूटोच्या पोटात नसून त्याच्या बाहेर, मोकळ्या अवकाशात आहे, प्लूटोच्या केंद्रापासून सुमारे २,१०० किलोमीटरवर. फुगडीतल्या दोघींसारखेच ते एकमेकांकडे कायम तोंड करून फिरतात. प्लूटोच्या एका बाजूला उभं राहिलं तर शॅरन आकाशात कधी उगवणारही नाही आणि मावळणारही नाही, एकाच जागी टांगलेला दिसेल. दुसऱ्या बाजूच्या माणसाला तो जन्मात दिसणार नाही.

या फुगडीच्या बाहेरून निक्स, हायड्रा, केर्बेरॉस आणि स्टिक्स हे चार चिमुकले चंद्र फिरतात. २०१५ साली न्यू होरायझन्स यान तिथून सेकंदाला चौदा किलोमीटर वेगाने गेलं. त्याआधी काळजी हीच होती की या चंद्रांवरून उडालेल्या धुळीचं एखादं कडं असेल, आणि त्या वेगात तांदळाच्या दाण्याएवढा कणही यान फोडेल. कडं शोधलं, बारकाईने शोधलं, सापडलं नाही. प्लूटोला पाच चंद्र आहेत आणि कडं एकही नाही. हौमियाला मात्र दोन चंद्र आणि एक कडं. असं का, याचा उलगडा व्हायचा आहे, आणि त्याचा धागा बहुधा या सगळ्यांच्या जन्मात, जुन्या काळच्या टकरींत असावा. हौमियाच्या कक्षेसारख्याच कक्षांत फिरणारे बर्फाळ तुकडे सापडले आहेत. ते एका मोठ्या मोडतोडीचे अवशेष मानले जातात.

आता क्वावारच्या कड्याकडे येतो, कारण ते पाठ्यपुस्तकाला मानत नाही.

कडी कुठे असावीत याचा एक जुना नियम आहे. ग्रहाच्या जवळ गेलेल्या वस्तूची ग्रहाकडची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी. फार जवळ ही तफावत इतकी वाढते की सुटे कण एकमेकांना धरूच शकत नाहीत. ते विखरून कडं बनतात. एका ठरावीक अंतराच्या पलीकडे मात्र ओढ सौम्य होते आणि कण हळूहळू एकत्र येऊन चंद्र वळतात. या वेशीला रोश मर्यादा म्हणतात. रव्याचा लाडू वळताना कुणी हात ओढत राहिलं तर मुठीत भुगाच राहील, हात सोडला की लाडू झालाच पाहिजे. शनीची मुख्य कडी या वेशीच्या आतच आहेत. क्वावारसाठी ही वेस केंद्रापासून सुमारे १,८०० किलोमीटरवर येते.

आणि त्याचं कडं आहे ४,१०० किलोमीटरवर.

२०१८ ते २०२१ या काळातल्या वेगवेगळ्या पिधानांच्या नोंदी, त्यातली एक तर युरोपच्या किऑप्स या अवकाश दुर्बिणीची, एकत्र लावल्यावर हे दिसलं, आणि २०२३च्या फेब्रुवारीत ते जाहीर झालं. कडं सगळीकडे सारखं नाही, कुठे दाट आणि कुठे अगदी विरळ. त्याच वर्षी दुसरं कडंही जाहीर झालं, सुमारे अडीच हजार किलोमीटरवरचं. तेही वेशीच्या बाहेर. हिशोबाप्रमाणे त्या अंतरावरच्या कणांनी काही दशकांतच एक चंद्र वळायला हवा होता. तो वळला नाही.

एक उत्तर थंडीत आहे. तिथलं तापमान शून्याखाली २२० अंशांच्या आसपास असतं. प्रयोगशाळेत दहिवर चढलेले बर्फाचे गोळे एकमेकांवर आपटून पाहिलेले आहेत, आणि तशा थंडीत ते चिकटण्याऐवजी गोट्यांसारखे उसळून दूर जाऊ शकतात. लाडूत तूपच नाही म्हणायचं. दुसरं उत्तर तालात आहे. क्वावारला वेवॉट नावाचा एक चंद्र आहे. तो साडेबारा दिवसांत एक फेरी करतो, आणि तेवढ्यात बाहेरच्या कड्यातल्या कणांच्या जवळपास सहा फेऱ्या होतात. घुमट आरतीत ठरावीक मात्रांनंतर सम यावी, तसा वेवॉटचा हलका धक्का कणांना ठरावीक आवर्तनांनंतर त्याच जागी बसतो. शिवाय कड्याची एक फेरी आणि क्वावारच्या स्वतःभोवतीच्या तीन गिरक्या हेही जवळपास जुळतं, आणि नेमकी हीच एकास तीनची जोडी हौमियाच्या कड्यातही आहे. दोन वेगळ्या जगांत तोच ताल सापडावा हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. पण थंडीचा वाटा किती आणि तालाचा किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

मेकमेक या बटुग्रहाबद्दल थोडक्यात सांगतो. त्याचा चंद्र हबलने २०१५च्या एप्रिलमध्ये टिपला, मेकमेकपेक्षा १,३०० पट मंद. मेकमेक लख्ख बर्फाळ आणि चंद्र कोळशासारखा काळा. त्याची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसत असावी, म्हणून तो बहुतेक वेळ मेकमेकच्या झगमगाटात हरवतो. इतकी वर्षं तो निसटला तो त्यामुळेच.

भारतातून हे काम होतं का? होतं. ६ जून २०२० रोजी प्लूटो एका ताऱ्याआड गेला तेव्हा नैनितालजवळच्या देवस्थळ इथल्या ३.६ मीटर आणि १.३ मीटरच्या दुर्बिणींनी तो क्षण टिपला. प्लूटोला विरळ हवा असल्याने तारा फुंकर मारल्यासारखा न जाता मंदावत गेला, आणि त्या मंदावण्यावरून तिथल्या हवेचा दाब निघाला. तो आपल्या समुद्रकाठच्या दाबाच्या ऐंशी हजाराव्या भागाहूनही कमी आहे.

आणि गोव्यातून? जून ते सप्टेंबर आभाळ आपलं नसतं, हे मान्य. किनारपट्टीवर उजेडही फार झालाय. पण सत्तरी-काणकोणच्या आतल्या गावांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अजून काळ्याभोर असतात. युरोपच्या गाया यानाने ताऱ्यांच्या जागा इतक्या अचूक मोजून ठेवल्या आहेत की सावली कुठून जाणार याचा नकाशा आता आधीच मिळतो. लागते एक बऱ्यापैकी दुर्बीण, भराभर चित्रं घेणारा कॅमेरा आणि उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेलं घड्याळ. तारा पुरेसा ठळक असला तर एवढ्यावर भागतं.

क्वावारची सावली अकराशे किलोमीटर रुंद असते. सगळा गोवा तिच्यात एका कोपऱ्यात मावतो, आणि तिची पुढची कड पेडणे ते काणकोण एवढा मुलूख काही सेकंदांत ओलांडून जाते. ती सावली भारतावरून न जाता दुसऱ्याच खंडावरून गेली तरी हिरमुसायचं कारण नाही. कडं ४,१०० किलोमीटरवर आहे, म्हणजे त्याची पातळ सावली मूळ सावलीच्या कितीतरी बाहेर पडते. युरोपातला निरीक्षक क्वावारची मुख्य झाकणी मोजत असताना वाळपईच्या एखाद्या अंगणात तारा फक्त क्षणभर पुसट होईल, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा. समजा झालाच नाही, तरी ती नोंद पाठवायची. कडं तेवढ्या जागेत तेवढं दाट नाही, हे त्या रात्री तेवढ्या एका अंगणातूनच कळणार असतं.